कारणांचा नकाशा आणि कर्त्याचा वाटा

व्यापारात ठोकर बसलेला मनुष्य तिचे कारण सांगू लागला की बहुधा एकच कारण सांगतो. कोणी म्हणतो बाजार बसला, कोणी म्हणतो भागीदाराने दगा दिला, कोणी सरकारी करांकडे बोट दाखवितो, आणि ज्याच्या हाती यांपैकी काहीच लागत नाही तो कपाळाला हात लावून ग्रहांना बोल लावतो. कार्य एक दिसते म्हणून कारणही एकच असावे, ही मनाची मोठी सोय आहे. कारण एक ठरले म्हणजे दोषीही एक ठरतो, आणि तो सहसा आपण नसतो.

परंतु व्यवहारातील मोठे नफेतोटे असे एका कारणाने क्वचितच घडतात. दहा माणसांनी दहा ठिकाणी घेतलेले निर्णय एकमेकांत गुंततात. त्यांतील प्रत्येक निर्णय ज्याच्या त्याच्या जागी शहाणपणाचाच असतो. आणि तरीही त्या गुंत्यातून कोणासही नको असलेली हानी बाहेर पडते. अशा हानीचा दोष कोणाचा? सर्वांचा म्हणावे तर तो कोणाच्याच माथी बसत नाही. एकाचा म्हणावे तर त्या एकावर अन्याय होतो. धर्मशास्त्री आणि न्यायाधीश यांनी हा प्रश्न पूर्वीपासून हाताळला आहे. गेल्या सत्तर वर्षांत कारखान्यांच्या योजना आखणाऱ्यांनीही तो हाताळला, आणि त्यासाठी एक साधन वापरात आणले : कारणे आणि कार्ये यांचा कागदावर नकाशा काढणे. आमच्या सभासद कुटुंबांपैकी अनेकांचा चरितार्थ दुकानदारी, दलाली आणि लहानमोठे कारखाने यांवर चालतो. म्हणून या साधनाचा, आणि त्याहून अधिक त्यामागे दडलेल्या नैतिक प्रश्नाचा, विचार येथे करावा असे आम्हांस वाटले.

साधन दिसण्यास अगदी साधे आहे. ज्या गोष्टी वाढतात किंवा घटतात त्यांची नावे कागदावर लिहावयाची, आणि एकीमुळे दुसरी बदलत असेल तर पहिलीपासून दुसरीकडे बाण काढावयाचा. पहिली वाढली असता दुसरीही वाढत असेल तर बाणावर अधिकाचे चिन्ह, पहिली वाढली असता दुसरी घटत असेल तर उण्याचे. जेथे परिणाम दिसण्यास वेळ लागतो तेथे बाणावर दोन आडव्या रेघा. एवढ्या सामग्रीवर मोठमोठ्या कारखान्यांचे मनसुबे तपासले गेले आहेत.

उदाहरणादाखल एक भांड्यांचा व्यापारी कल्पू. विक्री मंदावली आहे, आणि घरातील तरुण मंडळी म्हणतात की उधारीचा हात थोडा सैल सोडावा. सोडला. उधारीने विक्री वाढते, विक्रीने खतावणीतला नफा वाढतो, नफा पाहून उमेद वाढते आणि उमेदीने उधारी आणखी वाढते. बाणांचे एक वर्तुळ पुरे झाले. ते जितके फिरेल तितका धंदा फुगेल. पण उधारीपासून दुसराही एक बाण निघतो. उधारीने येणे वाढते, येण्यात पैसा अडकल्याने गल्ल्यातली रोकड घटते, रोकड घटल्याने घाऊक व्यापाऱ्याचे देणे थकते, देणे थकल्याने नवा माल उशिरा आणि चढ्या भावाने येतो, आणि फळीवर माल नाही असे पाहून रोखीचे गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाते. विक्री घटली. ती भरून काढण्यासाठी व्यापारी काय करतो? आणखी उधारी देतो!

येथे मर्म काळाचे आहे. पहिले वर्तुळ आठ-पंधरा दिवसांत फिरते, तर दुसऱ्यास पाच-सहा महिने लागतात. त्यामुळे पहिल्या दिवाळीस सल्ला देणाऱ्या मुलाची पाठ थोपटली जाते, आणि पुढील दिवाळीस लोक अप्रामाणिक झाले अशी तक्रार ओटीवर ऐकू येते. मग वसुलीचा तगादा सुरू होतो, आणि तेथे तिसरे वर्तुळ उभे राहते. लहान गावातील प्रत्येक दुकानदारास ते ठाऊक आहे, पण कागदावर त्याने ते कधी पाहिलेले नसते. तगादा वाढला की ऋणको त्या रस्त्याने जाणेच टाळतो, येणे-जाणे तुटले की थोडेथोडे फेडण्याचा मार्गही तुटतो, वसुली घटते, तगादा आणखी कडक होतो. गिऱ्हाइकाची नियत बिघडली असे जे वाटते, त्यातला मोठा भाग दुकानाच्याच नियमांनी बिघडविलेला असतो.

कारण कशास म्हणावे याचा विचार आपल्याकडील नैयायिकांनी फार बारकाईने केला आहे. कार्याच्या आधी नियमाने असणारे, आणि ज्यावाचून कार्य अडते असे जे, ते कारण. केवळ आधी असणे पुरेसे नाही. याचे उदाहरण म्हणून विश्वनाथ पंचाननाच्या ‘भाषापरिच्छेदा’त कुंभाराचे गाढव येते. घट होण्यापूर्वी माती वाहून आणणारे गाढव तेथे होते खरे. पण माती दुसऱ्या कशाने आणली असती तरीही घट झालाच असता, म्हणून ते कारणांच्या पंक्तीत बसत नाही. कुंभाराचा बापही तसाच बाहेर राहतो. शास्त्रकारांनी या पाहुण्यांस ‘अन्यथासिद्ध’ असे नाव दिले. आधुनिक कार्यालयांतील भिंतींवर लावलेले कारणांचे तक्ते पाहिले तर त्यांत कुंभारापेक्षा गाढवेच अधिक भरलेली आढळतात, हे जाता जाता सांगितल्यावाचून राहवत नाही. म्हणून प्रत्येक बाणापाशी थांबून ‘हे असता ते होते काय, आणि हे नसता ते होत नाही काय’ अशी अन्वय-व्यतिरेकाची दुहेरी कसोटी लावावी. तिला न उतरणारा बाण खोडावा.

तथापि नैयायिकांचा घट पुन्हा उलटून कुंभारावर येत नाही. जपानमध्ये काओरू इशिकावा यांनी रूढ केलेली माशाच्या सांगाड्यासारखी आकृतीही अशीच आहे : सर्व काटे एका मुखाकडे जातात आणि तेथे संपतात. सदोष माल का निघाला हे शोधण्यास ती उत्तम आहे. पण योजना आखताना कार्य हेच पुढे कारण होऊन कर्त्यावर परतते, आणि हे परतणे मनुष्याच्या नजरेतून नेमके सुटते. रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका संग्रहात राजकीय पुढाऱ्यांच्या बोलण्यावरून त्यांच्या मनातील कारणांचे नकाशे काढून दाखविले आहेत. त्या नकाशांत वर्तुळे जवळजवळ नव्हतीच. राज्यकारभार करणारेही सरळ रेषेत विचार करतात, तर आपल्या पेठेतील माणसास काय दोष द्यावा?

या परतणाऱ्या कारणांचा अभ्यास व्यवस्थित मांडण्याचे श्रेय अमेरिकेतील जे फॉरेस्टर यांना दिले जाते. मूळचे ते विद्युत् अभियंते. आरंभीच्या संगणकांपैकी ‘व्हर्लविंड’ या यंत्राच्या उभारणीचे प्रमुख. १९५६ मध्ये ते मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या व्यवस्थापन विद्यालयात आले. तेथे जनरल इलेक्ट्रिक या कंपनीच्या मंडळींशी त्यांचा संबंध आला. केंटकी राज्यात या कंपनीचे घरगुती उपकरणांचे कारखाने होते, आणि त्यांचे एक दुखणे होते. कधी तेथे तीन-तीन, चार-चार पाळ्यांत काम चाले, आणि काही वर्षांनी निम्म्या माणसांना घरी बसवावे लागे. बाजारात तेजीमंदीची चक्रे येतात, त्याला आम्ही काय करणार, असे वरिष्ठांचे म्हणणे होते. फॉरेस्टर यांना ते पटले नाही. माल किती शिल्लक असता व मागणी किती असता तुम्ही किती माणसे घेता आणि किती काढता, एवढे त्यांनी विचारून घेतले, आणि वहीच्या एका पानावर शिल्लक माल, माणसे आणि मागणी यांचे रकाने पाडून आठवड्यामागून आठवडा पेन्सिलीने मांडत गेले. दिसले ते असे, की बाहेरून येणारी मागणी अगदी स्थिर धरली तरीही, त्या नेहमीच्या नियमांनीच माणसांची संख्या वरखाली हेलकावत राहते. बाहेरच्या बाजारास दोष देण्याचे कारण उरले नाही.

या एका पानाचा नैतिक अर्थ आम्हांस तांत्रिक अर्थापेक्षा मोठा वाटतो. ज्यांना घरी बसविले त्यांच्यापैकी प्रत्येकास बाजाराचे नाव सांगण्यात आले असणार. सांगणारा खोटे बोलत नव्हता. त्याची तशी प्रामाणिक समजूत होती. भरती करणाऱ्याने नियम पाळला, माल मोजणाऱ्याने माल नीट मोजला, ज्याने माणसे कमी केली त्याने कंपनीचे पैसे वाचविले. एकही दुष्ट मनुष्य दाखविता येत नाही, आणि कामगारांच्या चुली मात्र विझल्या.

पुढे याच विद्यालयात एक खेळ तयार झाला. चार जण एका साखळीत बसतात : किरकोळ दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखानदार. माल पोहोचण्यास काही आठवडे लागतात आणि प्रत्येकास फक्त आपल्या खालच्याची मागणी दिसते. (खेळात माल म्हणून बिअर घेतलेली असते, आमच्या वाचकांनी तिच्या जागी गोडे तेल धरावे, हिशेबात फरक पडत नाही.) गिऱ्हाइकाची मागणी आरंभी दर आठवड्यास ४ पेट्या असते, एकदाच ती ८ होते आणि शेवटपर्यंत ८ च राहते. एवढ्याशा धक्क्याने साखळीत प्रथम टंचाई आणि मग मालाचा महापूर येतो. जॉन स्टर्मन यांनी १९८९ मध्ये या खेळाचे जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत खेळाडूंचा सरासरी खर्च शक्य असलेल्या किमान खर्चाच्या दहापट निघाला होता. खेळ संपल्यावर गिऱ्हाइकाच्या मागणीचे चित्र काढावयास सांगितले, की खेळाडू मोठमोठ्या लाटा काढतात. गिऱ्हाईक लहरी होते अशी त्यांची खात्री असते. मग खरा आकडा दाखवितात, आणि सभागृहात क्षणभर शांतता पसरते असे म्हणतात.

आता आक्षेपाकडे वळू. दोष रचनेचा ठरला तर मनुष्य मोकळा सुटला नाही काय? नकाशा म्हणजे जबाबदारी टाळण्याची एक नवी आणि सुशिक्षित युक्ती झाली नाही काय? आक्षेप खोटा नाही. ‘व्यवस्थाच तशी आहे’ हे वाक्य हल्ली साहेबापासून शिपायापर्यंत सर्वांच्या तोंडी असते. ग्रहांना बोल लावणाऱ्याहूनही आम्ही अशा बोलणाऱ्यास अधिक दोषी मानतो. कारण ग्रहांची गती कोणास बदलता येत नाही, पण उधारीचा नियम ज्या पेन्सिलीने लिहिला तिनेच तो खोडता येतो.

आमचे मत असे की नकाशा जबाबदारी पुसत नाही, तिचे ठिकाण बदलतो. नकाशापूर्वी आपण शेवटचे कृत्य करणाऱ्यास पकडतो : ज्याने नोकरीवरून काढले तो, ज्याने तगादा लावला तो. नकाशा पाहिल्यावर प्रश्न असा होतो, की हा नियम कोणी ठरविला, तो बदलण्याचा अधिकार कोणाकडे आहे, आणि त्याला हे वर्तुळ कधीपासून ठाऊक आहे. केंटकीतील व्यवस्थापक त्या पानापूर्वी अजाण होते. पान पाहिल्यानंतर जुनाच नियम चालविणारा अजाण राहत नाही. ज्ञानाने दोष वाढतो, हे कटू आहे. कित्येक शहाणी माणसे नकाशा काढण्यास राजी नसतात त्याचे खरे कारण हेच असावे. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, साधने, निरनिराळ्या क्रिया आणि पाचवे दैव. केवळ स्वतःलाच कर्ता मानणाऱ्यास तेथे अजाण म्हटले आहे, हे पुष्कळांस ठाऊक असते. पण त्या यादीतून कर्त्यास वगळलेले नाही, आणि दैवास पाचात एकच जागा दिली आहे, याकडे आमच्या मते पुरेसे लक्ष जात नाही.

येथपर्यंतचा विचार फॉरेस्टर यांच्या बाजूचा झाला. आता त्यांच्याच पुढील एका ग्रंथाकडे पाहू. कारण या साधनातील खरा धोका तेथे दिसतो. बोस्टन शहराचे माजी महापौर जॉन कॉलिन्स यांच्याशी झालेल्या चर्चांतून फॉरेस्टर यांनी शहरांच्या ऱ्हासाचा नकाशा तयार केला आणि १९६९ मध्ये तो ग्रंथरूपाने मांडला. निष्कर्ष खळबळजनक होता : गरिबांसाठी स्वस्त घरे बांधल्याने शहराचे, आणि अखेर गरिबांचेही, अहित होते, कारण उद्योगांची जागा घरे व्यापतात, नवे लोक ओढले जातात आणि रोजगार अपुरा पडतो. तर्क वर्तुळाकार होता आणि प्रत्येक बाण विचार करण्याजोगा होता. परंतु टीकाकारांनी कडेकडे बोट दाखविले. नकाशा शहराच्या वेशीपाशी थांबला होता. वेशीबाहेरील उपनगरे आणि इतर प्रदेश यांस त्यात केवळ ‘अमर्याद परिसर’ धरले होते; तेथून माणसे येतात आणि तेथे जातात. शहर सुधारले म्हणून जी गरीब कुटुंबे बाहेर गेली, ती पुढे कोठे राहिली, त्यांनी काय खाल्ले, याचा रकाना कागदावर नव्हता. शहराचा हिशेब बरोबर असेलही. माणसांचा तो नव्हता.

कागदाला कड असतेच. सर्व जगाचा नकाशा कोणी काढू शकत नाही. प्रश्न एवढाच, की कड कोठे आखावयाची हे कोण ठरवितो. आणि हा प्रश्न कितीही गणित केले तरी सुटत नाही, तो सर्वस्वी नीतीचा आहे. कडेबाहेर जे जातात त्यांची हानी शून्य धरली जाते. ती प्रत्यक्षात शून्य असते म्हणून नव्हे, तर तिच्याकडे बाण काढलेला नसतो म्हणून.

याच्या उलट, नकाशाने कडेबाहेरचे आत आणले असेही घडले आहे. अमेरिकेतील मिसिसिपी राज्यातल्या इंगल्स या जहाजबांधणी कंपनीस नौदलासाठी मोठ्या नौका बांधताना प्रचंड तोटा आला. नौदलाने वेळोवेळी आराखडे बदलले असे कंपनीचे म्हणणे होते. पण एकेक बदल पाहिला तर तो क्षुल्लक दिसे. कारणांच्या नकाशावरून मांडलेल्या हिशेबात असे दाखविण्यात आले, की एका बदलाने झालेले काम पुन्हा करावे लागते, वेळ कमी पडतो, जादा तास आणि नवखी माणसे घ्यावी लागतात, त्यांच्या हातून चुका अधिक होतात, त्या उशिरा उघडकीस येतात आणि पुन्हा काम वाढते. दाव्याची रक्कम सुमारे ५० कोटी डॉलर होती. १९७८ मध्ये ४४.७ कोटी डॉलरांवर तडजोड झाली. दुसऱ्याच्या घरात आपण घडविलेला दूरचा परिणामही मोजता येतो आणि त्याची भरपाईही करावी लागते, हे यात दिसले. अर्थात तो नकाशा दावा सांगणाऱ्या बाजूने काढविला होता, हेही लक्षात ठेवावे. ज्यांच्याजवळ असा हिशेब मांडून घेण्याची ऐपत नाही, त्यांच्या घरातील बाण कोण काढणार?

म्हणून आपल्या घरच्या धंद्यात, किंवा एखाद्या संस्थेच्या कामात, हे साधन वापरू इच्छिणाऱ्यांस आम्ही एकच व्यावहारिक सूचना करू : नकाशा एकट्याने काढू नये. मालकाला उधारी दिसते. तगादा लावून लावून कोणते दार बंद झाले हे वसुलीच्या माणसाला दिसते. कोणता माल पडून आहे हे हमालाला दिसते. आणि दुकानातील ओढाताण स्वयंपाकघरापर्यंत पोहोचली की नाही हे घरातील स्त्रियांनाच दिसते. या सर्वांस एका कागदाभोवती बसवावे आणि प्रत्येकास एक तरी बाण काढू द्यावा. बसण्यास संकोच वाटेल. थोरल्यांपुढे धाकट्याने ‘हे तुमच्या नियमामुळे होते’ असे म्हणणे आपल्या घरांत सोपे नाही. पण बोट माणसाकडे न जाता कागदावरील बाणाकडे गेले, तर तेच बोलणे सोसवते असा अनुभव आहे. आकडे घालण्याची घाई मात्र करू नये. चुकीच्या बाणावर घातलेला बरोबर आकडा अधिक फसवितो.

आमच्या त्या भांड्यांच्या व्यापाऱ्याने असा नकाशा काढला असे समजू. वर्तुळे त्यास दिसली. उधारी आवरली पाहिजे हे उघड झाले. सर्वांत सोपा निर्णय म्हणजे उद्यापासून उधारी बंद. रोकड सावरेल, घाऊक व्यापाऱ्याचे देणे फिटेल; कागदावर हे सर्व बरोबर आहे. पण त्याने कड थोडी पुढे सरकवावी. पितळेची भांडी घडविणारा कासार त्याच दुकानाच्या मागणीवर वर्ष काढतो. त्याने दिवाळीसाठी पत्रा आधीच घेऊन ठेवला आहे. ज्या कुटुंबाने वैशाखातील मुलीच्या लग्नासाठी भांडी सांगून ठेवली, त्याने आपली जुळवाजुळव या दुकानाच्या शब्दावर केली आहे. हे दोन बाण काढल्यावरही उधारी आवरण्याचा निर्णय बदलत नाही. बदलते ती त्याची रीत. कासारास पुढील हंगामाची मागणी किती राहील हे आताच सांगावे. लग्नघरास दिलेला शब्द पाळावा. थकलेल्यांस तगाद्याऐवजी हप्ता बांधून द्यावा. आणि नवीन उधारीची मर्यादा येत्या पाडव्यापासून लागू होईल अशी पाटी आजच दुकानात लावावी. यात व्यापाऱ्याचे थोडे व्याज जाईल. ते व्याज त्याने कोणत्या खात्यात लिहावे, याविषयी आमच्या मंडळींत मतभेद आहे. काही जण म्हणतात धर्मादाय खात्यात. आमच्या मते ते धंद्याच्या खर्चातच लिहिले पाहिजे, कारण सैल उधारी ज्याने सुरू केली त्यानेच ते देणे लागते.